आजीच्या नावाचा रकाना

आमच्या शाळेच्या कार्यालयात, खिडकीखालच्या कोपऱ्यात, एक लोखंडी पेटी आहे. तिचे कुलूप केव्हाच निकामी झाले असले तरी आतील ऐवजाला चोराचे भय नाही; कारण आत आहेत ती केवळ जुनी दाखल-खारीज रजिस्टरे. अगदी तळाशी असलेली वही उर्दूत आहे. निजामी राजवटीत बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांचा सरकारी कारभार उर्दूत चाले आणि तारखा फसली सनाच्या असत. आझर, दै, बहमन असे महिने आणि १३४०, १३५० अशी साले. फसली सनात ५९० मिळवले म्हणजे ढोबळमानाने इसवी सन निघतो. त्यावरच्या थरात मराठी वह्या आहेत; आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यात आल्यानंतरच्या वह्यांत हळूहळू कानडी रकाने दिसू लागतात. एका पेटीत तीन लिप्या सुखाने नांदत आहेत. सीमाभागातील शाळेचा इतिहास याहून वेगळा तो काय असणार?

काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून आमच्याकडे आल्या. वृद्धांसाठी असलेल्या संध्या सुरक्षा योजनेचा अर्ज त्यांना करावयाचा होता, आणि त्यासाठी वयाचा पुरावा हवा होता. लहानपणी त्या आमच्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकल्या होत्या. अडचण एवढीच की शाळेत होते ते नाव निराळे आणि आता आहे ते नाव निराळे. लग्नात नाव पालटले, आडनाव पालटले, गाव पालटले. एका मुलीची दोन माणसे झाली आणि ती दोन्ही एकच आहेत हे सिद्ध करावयास साक्षीदार उरला नाही. भाऊ वारले होते. बरोबरच्या मैत्रिणी कोठे कोठे नांदावयास गेल्या होत्या.

आम्ही पेटी उघडली. दोन तास शोधल्यावर १९५० नंतरच्या दशकातील एका वहीत ते नाव सापडले. विद्यार्थिनीचे नाव, बापाचे नाव, जात, धंदा, गाव आणि जन्मतारीख: अर्थातच १ जून. आमच्या पिढीतील अर्धा गाव १ जूनला जन्मलेला आहे, हे वाचकांना ठाऊकच असेल. जूनमध्ये शाळा उघडे, मुलाचे वय सहा भरावे लागे, आणि गुरुजी हिशेब करून तारीख बसवीत. तारीख कल्पित होती, पण मुलगी खरी होती. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांना वाचता येत होते. मग त्यांनी हळूच विचारले, "गुरुजी, माझ्या आईचं नाव हाय का त्यात?"

त्यांची आई त्यांच्या अजाणत्या वयातच गेली होती. बापाने दुसरे लग्न केले. पुढे घरात पहिलीचे नाव कोणी उच्चारले नाही, आणि विचारावयाचे धैर्य झाले तोवर सांगणारे कोणी उरले नव्हते. आम्ही रकाने पुनःपुन्हा पाहिले. त्या वहीत आईच्या नावाचा रकानाच नव्हता.

दाखल्याचे काम झाले, नाव पालटल्याचे प्रतिज्ञापत्र झाले. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते, आणि तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्याच सुमारास एका नगरच्या मुलीची हकीकत आमच्या वाचनात आली. ती मुलगी आपली नव्हे, साहेबाची. परंतु तिच्या घराण्याचा शोध घेता घेता संशोधकही अशाच एका कोऱ्या जागेपाशी येऊन थांबले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

जगप्रसिद्ध गुरुमाउली

'द किंग अँड आय' हा इंग्रजी चित्रपट आमच्या काही वाचकांनी पाहिला असेल. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा राजा मोंगकुट आणि त्याच्या राजवाड्यात शिकवावयास आलेली इंग्रज विधवा ॲना लिओनोवेन्स यांची ती कथा. मार्गारेट लँडन यांची कादंबरी १९४४ साली आली, तिच्यावरून १९५१ साली संगीत नाटक झाले, आणि १९५६ साली डेबोरा कर व यूल ब्रिनर यांचा चित्रपट निघाला. थायलंडमध्ये मात्र आपल्या राजाचे विपरीत चित्रण केले म्हणून या चित्रपटास बंदी झाली.

यातील ॲना काल्पनिक नव्हे. १८६२ ते १८६७ अशी सुमारे पाच वर्षे ती बँकॉकच्या राजवाड्यात होती. राजाच्या राण्यांना आणि मुलांना ती इंग्रजी शिकवी. पुढे गादीवर आलेला राजपुत्र चुलालोंगकोर्न तिच्या विद्यार्थ्यांपैकीच. तेथून ती अमेरिकेस गेली, १८७० साली तिने राजवाड्यातील अनुभवांवर पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. पुढे कॅनडातील हॅलिफॅक्स येथे तिने वास्तव्य केले आणि १८८७ साली तेथे कलाशाळा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ती संस्था आज विद्यापीठाच्या दर्जास पोचली आहे. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे तिचे निधन झाले.

आपली कुलकथा ती अशी सांगे: आपला जन्म १८३४ साली वेल्समध्ये झाला, माहेरचे आडनाव क्रॉफर्ड, वडील लष्करात कॅप्टन होते आणि हिंदुस्थानात लढता लढता कामी आले, आपण इंग्लंडात शिकून पंधराव्या वर्षी प्रथमच या अपरिचित देशात आलो, आणि आपले पती लष्करात मेजर असून वाघाच्या शिकारीत उष्माघाताने वारले. ही कथा तिच्या हयातीत कोणी तपासली नाही. तिच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे ती तशीच चालत राहिली.

जन्माचा दाखला सापडेना

तपासली ती एका अनपेक्षित गृहस्थाने. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे अभ्यासक, प्राणिशास्त्रज्ञ. थायलंडशी त्यांचा संबंध आला आणि ॲनाचा मुलगा लुई, जो पुढे त्या देशात व्यापारी म्हणून नावारूपास आला, त्याचे चरित्र लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. चरित्राचा आरंभ जन्मापासून करावयाचा. आईच्या सांगण्याप्रमाणे लुई लंडनमध्ये जन्मला होता. ब्रिस्टो यांनी लंडनच्या जन्मनोंदी चाळल्या. लुई त्यांत नव्हता.

शाळेत बसणाऱ्या आम्हां मंडळींना या क्षणाचे मोल विशेष कळते. एक दाखला सापडत नाही, तेव्हा दोन शक्यता असतात: कागद हरवला असेल, किंवा सांगणाऱ्याने वेगळे सांगितले असेल. ब्रिस्टो यांनी दुसरी शक्यता तपासावयास घेतली आणि लंडन सोडून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराकडे वळले. या दप्तराची व्यवस्था मोठी चोख होती. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील पाद्री आपापल्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला नियमाने पाठवीत आणि त्या लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ आता घरबसल्या संगणकावरही पाहता येतात. कोण कोठे जन्मला, कोणाशी लग्न झाले, कोठे पुरला: गोऱ्या माणसाचे हिंदुस्थानातील सारे आयुष्य या तीन वह्यांत सामावे.

त्या वह्यांत ॲना सापडली, पण क्रॉफर्ड म्हणून नव्हे. तिचे खरे नाव ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स. जन्म नोव्हेंबर १८३१. स्थळ अहमदनगर, आजचे अहिल्यानगर! वडील थॉमस एडवर्ड्स कॅप्टन नव्हते. मूळचे सुतारकाम करणारे कारागीर, आणि कंपनीच्या सुरुंग-खंदक खोदणाऱ्या पलटणीत सार्जंट. मुलीच्या जन्मापूर्वीच ते वारले होते. आई मेरी ॲन ग्लॅस्कॉट हिचे लग्न १८२९ साली ठाण्याच्या चर्चमध्ये लागले होते. पदरी दोन मुली आणि नवरा गेलेला. छावणीत अशा विधवेला फार दिवस एकटे राहणे परवडत नसे. १८३२ सालीच तिने पॅट्रिक डोनोहो या आयरिश शिपायाशी पुनर्विवाह केला. पुढे हे बिऱ्हाड सावत्र बापाच्या नोकरीपाठोपाठ गुजरातेतील डीसापर्यंत हिंडले.

ॲनाचे शिक्षण इंग्लंडात झाले नाही. मुंबईत भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. १८१५ साली स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः सैनिकांच्या पोरक्या, आणि त्यांतही मिश्र रक्ताच्या मुलांना सांभाळी. तीच पुढे १९२५ मध्ये देवळालीला बार्न्स स्कूल म्हणून गेली. या शाळेत ॲना घडली. १८४९ सालच्या नाताळात तिने टॉमस लिऑन ओवेन्स या आयरिश कारकुनाशी लग्न केले आणि दोघांनी ती दोन नावे जोडून एक भारदस्त आडनाव केले. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. १८५२ मध्ये दांपत्याने हिंदुस्थान सोडला आणि १८५३ च्या आरंभी ते पश्चिम ऑस्ट्रेलियात उतरले. ज्या लुईला ब्रिस्टो लंडनमध्ये शोधीत होते तो १८५६ साली तेथल्या लिंटन नावाच्या दूरच्या वस्तीत जन्मला होता. पुढे पती पेनांग बेटावर एक खाणावळवजा हॉटेल चालवी. १८५९ साली तो तेथे मरण पावला. वाघ नाही, शिकार नाही, मेजरकी नाही.

ब्रिस्टो यांचे पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुझन मॉर्गन यांनी २००८ मध्ये आणि आल्फ्रेड हॅबेगर यांनी २०१४ मध्ये ॲनाची विस्तृत चरित्रे लिहिली. मॉर्गन यांच्या पुस्तकाचे नावच मुळी 'बॉम्बे ॲना' आहे.

तिने लपविले ते का?

खोटे बोलली असे म्हणून एखाद्याला हा विषय संपविता येईल. आम्हांस तसे करवत नाही. ज्या जगात ती वावरत होती त्या जगाचे रजिस्टर कसे होते ते पाहावे.

तिच्या आईचे वडील विल्यम ग्लॅस्कॉट हे मुंबई इलाख्याच्या देशी पायदळातील इंग्रज अधिकारी. ते १८२१ साली वारले. आणि आईची आई? तिचे नाव चरित्रकारांच्या हाती लागलेले नाही. ती हिंदी किंवा मिश्र रक्ताची असावी असा त्यांचा कयास आहे. त्या काळी गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची देशी बायकांशी घरे सर्रास बसत. मुलांचा बाप्तिस्मा होताना बापाचे नाव, हुद्दा, पलटण सारे नोंदले जाई, आणि देशी आईचा रकाना पुष्कळदा कोरा राही. १७९१ सालीच कंपनीने ठराव करून ज्याचे आई किंवा बाप यांपैकी एक देशी असेल त्याला आपल्या मानाच्या नोकऱ्यांची दारे बंद केली होती. मुलींना नोकरी नव्हती, पण लग्नाच्या बाजारात आणि समाजात हाच न्याय लागू होता.

सत्तावीस वर्षांची विधवा, पदरी दोन मुले, परमुलूख. शिक्षिकेची नोकरी मागावयाची तर गोऱ्या कुटुंबांनी आपली मुले हिच्या हाती द्यावयास हवीत. 'छावणीतल्या सार्जंटची पोर, आजी देशी' असे सांगून सिंगापुरात तिची शाळा चालली असती काय? आणि सयामच्या राजाकडे तिची शिफारस झाली असती काय? तिने स्वतःचा दाखला स्वतःच नव्याने लिहिला. आम्ही १ जून लिहीत होतो ना? तसाच, फक्त तिने गाव, बाप, साल सारेच बदलले.

पण त्याची किंमत मोठी पडली. खोटे उघडे पडू नये म्हणून तिने आपल्या सख्ख्या बहिणीच्या कुटुंबाशी संबंध तोडले. ही बहीण, एलायझा, हिचे लग्न १८४५ साली डीसा येथे कोवळ्या पंधराव्या वर्षी झाले होते. तिच्या मुलीचा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट पुढे बोरिस कार्लोफ या नावाने सिनेमात गेला आणि १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाईन'मधील राक्षस म्हणून जगभर गाजला. एकाच घराण्यातील दोन नावे जगप्रसिद्ध, आणि दोन्ही घेतलेली!

दख्खनच्या छावणीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या या मुलीच्या कानांवर आयाबायांची मराठी पडली नसेल असे कसे म्हणावे? कदाचित अंगाईही पडली असेल. त्यांतले काहीही तिला पुढे उघडपणे आपले म्हणता आले नाही.

सुरपूरचा दाखला

सगळ्यांनीच असे लपविले असेही नव्हे. आमच्याच भागातील उदाहरण आहे. पूर्वीच्या गुलबर्गा आणि आजच्या यादगीर जिल्ह्यातील सुरपूर येथे १८४१ पासून १८५३ पर्यंत कॅप्टन मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार पाहत होता. ठगांवरील त्याची १८३९ ची कादंबरी प्रसिद्धच आहे. टेकडीवरील त्याचा 'टेलर मंझिल' आजही दाखविला जातो. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या, आणि पामर यांची आई म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान घराण्यातील फैज बक्ष. या फैज बक्षचे मुलांसह काढलेले, अठराव्या शतकाच्या अखेरीचे मोठे तैलचित्र लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या नावाचा रकाना कोरा राहिला नाही, कारण तिचे यजमान सेनापती होते आणि मुलगा निजामालाही कर्ज देणारा सावकार होता. सार्जंटच्या सासूला चित्रकार कोठून मिळणार? नाव टिकावयासही ऐपत लागते, हा या दोन कथांतील फरक आहे.

आपली रजिस्टरे

आता साहेबांच्या वह्या बाजूस ठेवून आपल्या घराकडे पाहू. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे. आपण येथे कसे आलो, कोणाबरोबर आलो, हे सांगणारे कागद आपल्याकडे नाहीत असे नाही. त्र्यंबकेश्वरादी क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. उत्तर कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात आणि घराण्याची वंशावळ घडाघड म्हणून दाखवितात. बिदर जिल्ह्याची १९५६ साली तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा महाराष्ट्रात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. त्यामुळे कित्येक घरांचे सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात आहे. तरीही पुरुषाचा माग काढावयाचा झाला तर तो निघतो.

बाईचा निघत नाही. आमच्या घरी पणजीला 'नगरकरीण' म्हणत. ती नगरकडून बैलगाडीने येथे नांदावयास आली, इतकेच सर्वांना ठाऊक. एकदा त्र्यंबकेश्वरी गेलो असता उपाध्यायांनी पिवळी पडलेली वही काढली. पणजोबांची मोडी सही पाहून आमचा ऊर भरून आला. शेजारी पत्नीचे नावही होते, पण ते सासरचे. श्राद्धात आपण माता, पितामही, प्रपितामही अशी तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे उच्चारतो. हे आपल्या परंपरेचे थोर औदार्य होय. परंतु तीही सासरचीच नावे. ज्या नावाने तिच्या आईने तिला पाळण्यात घातले, ज्या नावाने ती अंगणात खेळली, ते नाव लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात पुसले गेले. आम्ही मराठीचे एम. ए.; इतरांच्या घराण्यांच्या बखरी वाचल्या. आमच्या पणजीचे नाव आम्हांस ठाऊक नाही.

ॲनाने आजी लपविली, कारण तिला भय होते. आपण तर कसले भय नसताना आज्या हरविल्या. दोघांपैकी अधिक दोषी कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

काळ थोडा पालटत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहावे असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. शाळांच्या अर्जांतही आता आईचे नाव मागितले जाते. तरीही आईच्या आईचा रकाना कोठल्याच अर्जात नसतो. तो आपणच आखावयास हवा.

म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही शाळेत एक पद्धत सुरू केली. दिवाळीच्या सुटीत सातवीच्या मुलांनी एक पान लिहून आणावयाचे: आईचे माहेरचे पूर्ण नाव व गाव, आजीचे, म्हणजे दोन्ही आज्यांचे, माहेरचे नाव व गाव, आणि जमल्यास त्यांच्या आयांचे. भाषा कोणतीही चालेल. पहिल्या वर्षी एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, आजी रडली. म्हणाली, या नावानं मला चाळीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती." ती पाने आम्ही शिवून त्याच लोखंडी पेटीत ठेवतो. सरकारी दप्तराच्या यादीत ती नाहीत. एखाद्या तपासणीत कोणी विचारलेच तर उत्तर देऊ.

वाचकांनाही हीच विनंती. घरात वृद्ध स्त्री असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसावे, आणि नाव, गाव, भावंडे, आई सारे विचारून तारीख घालून लिहून ठेवावे. उद्यावर ढकलू नये.

त्या बाई दाखला न्यावयास आल्या तेव्हा निघताना उंबऱ्यापाशी थांबल्या. आम्ही म्हटले, "आजी, आईचं नाव नाही सापडलं, याचं वाईट वाटतं." त्या म्हणाल्या, "नसू द्या गुरुजी. माझं तरी दोन्ही नावं एका जागी लिहून ठेवा. उद्या माझी नात विचारील."

आम्ही त्यांच्यादेखतच ती लिहिली. त्या पानावरची पहिली ओळ ती आहे.